वापरलेला मास्क टाकायचा कुठे? परळच्या फुटपाथपासून गोवंडीच्या भट्टीपर्यंत

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर कधीही जा. सकाळी सातला जा नाहीतर रात्री दहाला, फुटपाथवर बसलेल्या पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या तोंडावर मास्क दिसतोच. २ एप्रिल २०२२ ला, म्हणजे त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली आणि बाकीच्या मुंबईने मास्क कपाटात टाकला. इथे तो राहिला. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, साधी सर्दीसुद्धा त्याला महागात पडते, म्हणून मास्क. जवळच आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया, थोडं पुढे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. तिथे बऱ्याचदा कारण उलटं असतं, आपला खोकला दुसऱ्याला बाधू नये म्हणून मास्क. इकडे चिंचपोकळीला साथीच्या रोगांचं कस्तुरबा. एवढ्याशा पट्ट्यात मास्क आजही रोजची वस्तू आहे.

रोजची वस्तू म्हटलं की रोजचा कचरा आला. बस स्टॉपच्या मागे, झाडाच्या आळ्यात, गटाराच्या जाळीवर तो निळा तुकडा तुम्ही पाहिला असेल. टाकणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असं मला वाटत नाही. वापरलेला मास्क नेमका कुठे टाकायचा, हे कुणी धड सांगितलेलंच नसतं. जे सांगितलं गेलं, ते एकमेकांशी जुळणारं नव्हतं.

२०२० मध्ये आपल्याला काय सांगितलं होतं?

मार्च २०२० मध्ये मुंबईत कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. ८ एप्रिल २०२० ला महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. त्यासाठी वापरलेला कायदा होता १८९७ चा साथरोग कायदा, म्हणजे मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. मास्क न लावल्याचा दंड सुरुवातीला १ हजार रुपये होता, नंतर २०० रुपयांवर आला. दादर स्टेशनबाहेर क्लीन-अप मार्शल दिसला की हनुवटीवरचा मास्क झटकन नाकावर चढायचा, हे सगळ्यांना आठवत असेल.

मास्क लावायचा नियम असा पक्का डोक्यात बसला. काढल्यावर काय, याची मात्र वेगवेगळी उत्तरं होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सुरुवातीच्या सूचनांत लिहिलं होतं की, पेशंट आणि त्याची देखभाल करणाऱ्यांचे मास्क ब्लीचच्या किंवा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात निर्जंतुक करा आणि मग जाळा किंवा खोल पुरा. आता गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने मास्क पुरायचा कुठे? जाळायचा म्हटलं तर उघड्यावर कचरा जाळायला बंदी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० पासून कोविडच्या कचऱ्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या पुन्हा पुन्हा सुधारल्या. जुलै २०२० च्या आवृत्तीत सामान्य माणसासाठी तीन गोष्टी होत्या. घरात कुणी पॉझिटिव्ह नसेल तर वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवा. पुन्हा वापरता येणार नाही असा कापा. मग सुक्या कचऱ्यात टाका. दुकानं, मॉल, ऑफिसं यांनी मास्क-ग्लोव्हजसाठी वेगळा डबा ठेवायचा, तीन दिवस थांबायचं आणि कापून सुक्या कचऱ्यात द्यायचं. पिवळी पिशवी फक्त ज्या घरात पेशंट आहे त्यांच्यासाठी होती.

टीव्हीवर दिसायची ती पिवळी पिशवी आणि पीपीई किट घातलेली माणसं. त्यामुळे अनेकांचा समज झाला की प्रत्येक मास्क हा वैद्यकीय कचरा आहे, तो न्यायला कुणीतरी खास माणूस येणार. तो कुणी आला नाही, आणि मास्क गॅलरीतल्या डब्यात गेला.

७२ तास कशासाठी?

२०२० च्या पहिल्या काही महिन्यांत झालेल्या प्रयोगांत कोरोनाचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत सापडला होता. आणखी एका प्रयोगात सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर तो सातव्या दिवशीही अगदी थोड्या प्रमाणात मिळाला. हे सगळं प्रयोगशाळेत, भरपूर विषाणू मुद्दाम लावून केलेलं होतं. नंतर स्पष्ट झालं की कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूला हात लावून तो होण्याची शक्यता फार कमी आहे. क्षयरोगाचंही तसंच, त्याचे जंतू खोकल्यावाटे हवेत जातात. तेव्हा रस्त्यावर पडलेला मास्क चुकून पायाखाली आला म्हणून घाबरून जायचं काही कारण नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण तुमच्यासाठी तो एक मास्क असतो. ज्याला तो उचलावा लागतो त्याच्यासाठी दिवसभरात असे किती असतात ते तुम्हीच मोजा. थुंकी, शेंबूड, कधी रक्त लागलेला ओला तुकडा, कुणाच्या तोंडावरचा ते माहीत नाही. मुंबईत हा कचरा दोन वेळा तरी माणसाच्या हाताखालून जातो. आधी रस्ता झाडणारा किंवा चाळीतला कचरा गोळा करणारा कामगार, मग सुका कचरा निवडणाऱ्या बायका. प्लास्टिक, पुठ्ठा, काच वेगळं करताना त्यांना प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहावी लागते. हातमोजे कधी असतात, कधी फाटलेले असतात, आणि उन्हाळ्यात घामाने निसटतात म्हणून काढूनही ठेवले जातात. तीन दिवस कागदात राहिलेला मास्क निदान कोरडा तरी झालेला असतो. कागदच का, याचंही कारण हेच. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तर ओल आतच राहते.

कापड दिसतं, पण कापड नाही

मेडिकलच्या दुकानात मिळणारा निळा तीन पदरी मास्क हा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. बाहेरचे दोन थर धाग्यांसारखे ताणून दाबलेल्या प्लास्टिकचे. मधला थर त्याहून कितीतरी बारीक तंतूंचा, आणि खरी गाळणी तोच करतो. नाकावरच्या पट्टीत धातूची तार, कानामागे लवचीक दोरी. एन-९५ मध्येही मुख्य माल हाच, थर जास्त. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्राने ज्या ‘नॉन-वोव्हन’ पिशव्यांवर बंदी घातली होती, त्या कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ पिशव्या आठवतात? त्या आणि मास्क एकाच घराण्यातले.

त्यामुळे हा मास्क कुजत नाही. उन्हात आणि पाण्यात त्याचे तुकडे होतात, मग तंतू सुटतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते तरंगतं, आणि पावसाळ्यात याचा अर्थ काय होतो ते परळ-दादरकरांना वेगळं सांगायला नको. हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा रस्त्यावरचं जे जे हलकं असतं ते सगळं गटाराच्या जाळ्यांकडे धावतं. हिंदमाताचं पाणी तुंबण्याची मुख्य कारणं सखल जागा आणि भरती ही आहेत. त्याचं खापर मास्कवर फोडणं अतिशयोक्ती होईल. पण जाळीवर पाला, वेफर्सची पाकिटं आणि मास्क यांचा थर साचला की पाणी उतरायला आणखी वेळ लागतो, एवढं खरं. जाळीतून जे सुटतं ते पर्जन्यवाहिन्यांतून समुद्राला मिळतं.

समुद्र ते ठेवून घेतो असंही नाही. जून-जुलैच्या मोठ्या भरतीला गिरगाव चौपाटीवर आणि दादरच्या किनाऱ्यावर काय परत येतं ते पाहिलेलं बरं. दादरला तर मिठी नदीचं तोंड जवळ, त्यामुळे तिकडचाही प्रसाद मिळतो. ‘बीच प्लीज’ नावाचा तरुणांचा गट २०१७ पासून तिथे साफसफाई करतो आहे आणि किनारा पुन्हा पुन्हा भरतो आहे.

जगभरातही हीच गोष्ट. ओशन्सएशिया या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये अंदाज मांडला होता की त्या एका वर्षात सुमारे १५६ कोटी मास्क समुद्रात गेले असावेत. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या चेम्सफर्ड गावात मास्कच्या दोऱ्या पायांत गुंतलेला एक समुद्रपक्षी सापडला आणि तिथल्या प्राणिमित्र संस्थेने लोकांना सांगायला सुरुवात केली, टाकण्याआधी दोऱ्या कापा.

आपल्याकडे कापायला सांगण्याचं कारण वेगळं होतं

एप्रिल २०२१, दुसरी लाट ऐन भरात. जळगावच्या एमआयडीसी पोलिसांनी कुसुंबा इथल्या एका गादी बनवणाऱ्या ठिकाणी छापा टाकला. गाद्यांत कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात होते, आणि आवारात मास्कचे ढीग पडलेले होते. गुन्हा दाखल झाला, माल नष्ट करण्यात आला. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कितीतरी खोट्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी मात्र खरी होती.

मास्क धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकला जाईल ही भीती तेव्हापासून लोकांच्या मनात बसली. ती निराधार म्हणता येत नाही. अख्खा आणि बऱ्यापैकी स्वच्छ मास्क हा कुणासाठी तरी माल असतो. मधोमध कापलेला मास्क कुणाच्याच कामाचा नाही. दहा सेकंदांचं काम आहे, आणि सगळ्या सूचनांमध्ये हीच एक सूचना अशी आहे की जिच्यावर कुणाचाही मतभेद नाही.

मग सगळेच मास्क जाळून का टाकत नाहीत?

कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

हॉस्पिटलमधला मास्क खरोखरच जाळला जातो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आणि त्यांच्या २०१८ च्या दुरुस्तीत रोजच्या वापराचे मास्क आणि गाऊन पिवळ्या पिशवीच्या गटात आहेत, आणि पिवळी पिशवी म्हणजे भट्टी. मुंबईतल्या हॉस्पिटलांचा हा कचरा वर्षानुवर्षं गोवंडी-देवनार भागातल्या एका प्रकल्पात जात आला. कोविडच्या काळात हा भार किती वाढला असेल याची कल्पना एका आकड्यावरून येते. जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशात कोविडचा सुमारे ३३ हजार टन वैद्यकीय कचरा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, ५ हजार टनांहून जास्त.

भट्टीच्या आजूबाजूला माणसं राहतात. गोवंडीच्या रहिवाशांनी धुराबद्दल, श्वसनाच्या आजारांबद्दल अनेक वर्षं तक्रारी केल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत शहराबाहेर खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. त्याच गोवंडीला लागून देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं. म्हणजे परळच्या हॉस्पिटलात स्वच्छतेसाठी वापरलेली वस्तू शेवटी गोवंडीच्या हवेत जात आली. निरोगी माणसाचा, बसमध्ये तासभर लावलेला मास्कही पिवळ्या पिशवीत टाकायचा हट्ट धरला तर भट्टीच्या धुरात आणखी भर पडते. जे खरंच दूषित आहे तेच भट्टीकडे जावं आणि बाकीचं सुक्या कचऱ्यात, या विभागणीमागे हा हिशेब आहे.

सुक्या कचऱ्यातल्या मास्कलाही तसं भविष्य नाहीच. भंगारवाला तो घेत नाही, कारण तीन वेगवेगळे पदार्थ एकत्र शिवलेले. दक्षिण आणि मध्य मुंबईतला बराच कचरा महालक्ष्मीच्या हस्तांतरण केंद्रात मोठ्या गाड्यांत भरला जातो आणि तिथून मुख्यतः कांजूरमार्गला जातो. मास्क तिथे पुरला जातो. फार छान शेवट नाही, पण गटारापेक्षा आणि समुद्रापेक्षा बरा.

घरी काय करायचं?

मास्क काढताना दोऱ्या धरून काढा, पुढच्या भागाला हात नको. तोंडाकडची बाजू आत राहील अशी घडी घाला. कात्रीने दोन्ही दोऱ्या कापा, मास्कही मधून कापा. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळा किंवा जुन्या कागदी पाकिटात टाका. चाळीत जागा नसते ही अडचण खरी आहे, पण लग्नपत्रिकेचं एक मोठं पाकीट दारामागच्या खिळ्याला लटकवलं तर आठवड्याभराचे मास्क त्यात मावतात. शनिवारी पाकीट बंद करायचं, मंगळवारी सुक्या कचऱ्यात द्यायचं, तीन दिवस आपोआप होतात. हात धुवा, हे सांगायची गरज नसावी.

पाकिटावर लाल पेनाने एक मोठा ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने सॅनिटरी पॅडसाठी ही खूण लोकांना शिकवली. निवडणाऱ्या बाईला कळतं की हे उघडायचं नाही. मास्कसाठीही ती खूण तितकीच उपयोगी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

संडासात टाकू नका. सार्वजनिक संडासाची लाइन तुंबली की अख्खा मजला रांगेत उभा राहतो, हे चाळकऱ्यांना माहीत आहे.

कापडी मास्क असेल तर साबणाने धुऊन पुन्हा वापरता येतो. २०२० मध्ये राज्यातल्या बचतगटांनी शिवलेले असे मास्क अजून अनेक घरांत असतील. ज्याला खोकला-सर्दी नाही आणि फक्त धुळीसाठी मास्क हवा आहे, त्याने हाच वापरावा. कचऱ्याचा प्रश्नच उरत नाही. कॅन्सरच्या किंवा क्षयाच्या पेशंटसाठी मात्र कापडी मास्क पुरेसा धरू नका, डॉक्टर सांगतील तोच वापरा.

घरात पेशंट असेल तर त्याचे मास्क बाकीच्यांच्या पाकिटात घालू नका. डायपर, ड्रेसिंग यांच्याबरोबर वेगळे बांधा. असा कचरा वेगळा गोळा करण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये स्वतंत्र सेवा सुरू केली आहे. सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज, मुदत संपलेली औषधं असं सगळं त्यात येतं, आणि सोसायटी, वसतिगृह किंवा ब्यूटी पार्लरला त्यासाठी नोंदणी करावी लागते. गिरगावात राहत असाल तर बहुतेक डी विभाग, परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पश्चिमेला जी उत्तर, दादर पूर्वेला मुख्यतः एफ उत्तर. आपल्या विभाग कार्यालयात घनकचरा खात्याकडे चौकशी करा. चाळीच्या कमिटीनेही विचारायला हरकत नाही.

आणि बाहेर असताना?

खरी अडचण इथे आहे. घरात कात्री असते, पाकीट असतं. चर्नी रोडच्या पुलावर मास्कची दोरी तुटली तर काय?

सोपा उपाय म्हणजे पर्समध्ये किंवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक घडी घातलेलं कागदी पाकीट ठेवणं आणि मास्क घरी आणणं. ते जमत नसेल तर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. उघडा मास्क रस्त्यावरच्या डब्यात वरवर टाकला की वाऱ्याने किंवा कुत्र्याने तो दहा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर येतो. रस्त्यावर कचरा टाकण्याला महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी दंड ठेवलेला आहे, आणि मास्कही कचराच आहे.

हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायला गेला असाल तर सर्वांत चांगली जागा हॉस्पिटलच. बाहेर पडण्याआधी वॉर्डमधल्या मावशींना किंवा सिस्टरना विचारा, मास्क कुठल्या डब्यात टाकू? पिवळा डबा तिथे असतोच. गेटबाहेर आल्यावर काढलेला मास्क मात्र महापालिकेच्या झाडूखाली जातो. फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटांना हा सल्ला देणं सोपं आहे. त्यांना पाळता यावा म्हणून गेटच्या बाहेरच्या बाजूलाही झाकणाचा, पाटी लावलेला डबा हवा, आणि तो रोज रिकामा करणारा माणूस ठरलेला हवा. नुसता डबा ठेवला आणि चार दिवस कुणी उचलला नाही, तर तो डबाच उकिरडा होतो.

हे अशक्य वाटत असेल तर निर्माल्य कलश आठवा. गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर आणि विसर्जनाच्या इतर ठिकाणी महापालिका हे कलश ठेवते. हार-फुलं थेट पाण्यात सोडायची सवय पिढ्यान् पिढ्यांची होती, तरी लोक थांबून कलशात टाकू लागले. कारण कलश जिथे हार काढला जातो तिथेच उभा असतो, त्यावर नाव लिहिलेलं असतं आणि बाजूला एक स्वयंसेवक असतो. २०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला होता. रक्तदान आणि प्लाझ्मादान अशी कामं तेव्हा मांडवाच्या जागी झाली. दर्शनाच्या रांगेत आजही अनेक जण, विशेषतः वयस्कर मंडळी, मास्क लावून उभी असतात. रांग जिथे संपते तिथे निर्माल्य कलशाशेजारी मास्कचा एक झाकणाचा डबा ठेवायला मंडळांना खर्च असा फारसा नाही. परळ-लालबागमधल्या एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याला तुम्ही ओळखत असाल तर पुढच्या बैठकीच्या आधी ही पोस्ट त्यांना पाठवा.